खिशातले वजन

मराठी शिकवणाऱ्या दोघांनी रिव्हॉल्वरविषयी लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. लिहायला बसताना आम्हांलाही वाटते आहे. आमच्या दोन्ही घरांत मिळून शस्त्र म्हणावे असे एकच होते, आजोळच्या देवघरामागची गंजलेली तलवार. खंडेनवमीला ती बाहेर येई, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल लावून घेई आणि दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर परत जाई. तिला धार नव्हती, आणि असावी असे कुणाला वाटतही नव्हते.

रिव्हॉल्वरची ओळख झाली ती बाबुराव अर्नाळकरांमुळे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार आणि काळापहाड आम्हांला भेटले तेव्हा त्यांचा ऐन काळ सरला होता. तालुक्याच्या वाचनालयात शिवण उसवलेल्या प्रती तेवढ्या उरल्या होत्या, आणि त्या आम्ही, तेव्हा एकमेकांना न ओळखणारे, दोन वेगवेगळ्या गावांत भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचत होतो. रहस्यकथेच्या त्या साऱ्या जगात रिव्हॉल्वर खिशातून निघते, एवढे आमच्या मनावर पक्के ठसले होते. ते खिशात राहते कसे, हा प्रश्न आम्हांला पडला नाही. खिसा लोंबत कसा नाही, घाईने काढताना कापडात अडकत कसे नाही, बसताना मांडीला टोचत कसे नाही, याचाही विचार केला नाही. नायकाने ‘सेफ्टी कॅच’ सरकवला की आमचा श्वास रोखला जाई. रिव्हॉल्वरला बहुधा तसला खटका नसतोच, हे कळायला चाळिशी उलटावी लागली आणि ह्यूस्टनला जावे लागले.

आम्ही म्हणजे पतिपत्नी, एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात शिकवणारे, आणि इतक्या वर्षांत एकाच वाक्यात बोलण्याची सवय जडलेले. जिथे आमची मते दोन होती तिथे तसे सांगू. ह्यूस्टनला असते ती आमच्यापैकी एकीची धाकटी बहीण, म्हणजे दुसऱ्याची मेहुणी. तिला आम्ही दोघेही धाकटीच म्हणतो. एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती रक्ताचे नमुने तपासते. दुपारची पाळी रात्री अकराला सुटते. तिचा नवरा २०२१ साली हृदयविकाराने गेला, मुलगा शिक्षणासाठी दुसऱ्या राज्यात आहे, आणि ती दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही पाच आठवडे तिच्याकडे होतो. जाण्याचे कारण लोकांना ‘अमेरिका बघायला’ असे सांगितले होते. खरे कारण निराळे होते. त्या वर्षीच्या जानेवारीत एका रात्री फोनवर बोलता बोलता ती म्हणाली होती, “ताई, सकाळी उठायचं कशासाठी, तेच कळत नाही गं.” मग हसून विषय बदलला होता. ते वाक्य आमच्याकडे राहून गेले.

आम्ही पोहोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात, पोह्यांच्या बशा समोर असताना, तिने सांगितले, “शनिवारी मला एक रिव्हॉल्वर बघायला जायचंय. दाजी, तुम्ही दोघं येता ना सोबत?”

स्थळ बघायला जावे तशा सुरात. तिच्या वसाहतीत वाहनतळापासून घराच्या दारापर्यंत पंचाहत्तर-ऐंशी पावले चालावे लागते. मार्चमध्ये शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंना तिथेच कुणी पिस्तूल दाखवून पर्स मागितली होती. पर्स दिली, माणूस निघून गेला, कुणाला इजा झाली नाही. परंतु त्या रात्रीपासून धाकटी गाडी बंद केल्यावर दार उघडायला पाच-पाच मिनिटे घेत होती. आम्ही खिडकीतून पाहिले आहे. दिवे विझतात, आणि आतली माणूस बाहेर येत नाही.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला परवान्याविना पिस्तूल वा रिव्हॉल्वर जवळ बाळगता येते. धाकटीकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे तिला ते विकतही घेता येते. आम्हांला मात्र येत नव्हते. विकत घेणे तर सोडाच, पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने शस्त्र बाळगणे, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद वगळले तर, तिथल्या संघीय कायद्याला मान्य नाही. तेव्हा हा सारा लेख आम्ही स्पर्शही न केलेल्या वस्तूविषयी आहे, हे आधीच कबूल करतो.

दुकान एका गाद्यांच्या दुकानाशेजारी होते. आत काचेची कपाटे, सराफाकडे असतात तशी, आणि त्यांच्यामागे एक वृद्ध गृहस्थ, पूर्वी पोलिसात असलेले. त्यांच्या कानात श्रवणयंत्र होते. ते का लागले असावे याचा उलगडा आम्हांला तासाभरात झाला. धाकटीने आपली अडचण सांगितली: एकटी असते, मनगटात जोर नाही, पर्स खांद्यावरून ओढून नेता येते म्हणून पर्समध्ये नको, खिशात मावेल असे हवे. त्यांनी मान डोलावली. स्वयंचलित पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचायला मनगट लागते, अडकलेली गोळी सोडवायला सराव लागतो. रिव्हॉल्वरमध्ये चाप ओढायचा, इतकेच. एक काडतूस उडाले नाही तर पुन्हा ओढायचा, चक्री फिरून पुढचे समोर येते. महिनोन्‌महिने कपाटात पडले तरी ते रुसत नाही. हे सांगताना त्यांनी एक एक नमुना बाहेर काढला, दर वेळी चक्री उघडून पाचही घरे रिकामी असल्याचे आधी स्वतः पाहिले, मग तिला दाखवले आणि मगच मूठ तिच्या हाती दिली. दर वेळी, न चुकता. वर्गात हजेरी घेण्याइतके यांत्रिक, तरीही एखाद्या विधीसारखे. आम्हांला त्या माणसाविषयी आदर वाटू लागला तो तिथे.

खिशातल्या रिव्हॉल्वरचा इतिहास आम्ही त्यांच्याकडून ऐकला आणि घरी येऊन वाचून ताडून पाहिला. कोल्ट कंपनीचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ १९२७ सालचे, सहा गोळ्यांचे, आखूड नळीचे. १९५० साली स्मिथ अँड वेसन कंपनीने त्याहून लहान, पाच गोळ्यांचे रिव्हॉल्वर आणले. कोलोरॅडोत भरलेल्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत त्याच्या नावासाठी मते घेतली गेली आणि ते ‘चीफ्स स्पेशल’ झाले. सहावी गोळी सोडून दिली की चक्री बारीक होते आणि खिशाचा फुगवटा कमी होतो, एवढाच तो हिशेब. इथवर सारे पोलादच होते. त्याच सुमारास कोल्टने ‘कोब्रा’मध्ये सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला आणि १९५२ साली स्मिथ अँड वेसनने ‘एअरवेट’ हे नावच घेतले. आरंभीच्या एअरवेटमध्ये चक्रीसुद्धा ॲल्युमिनियमची होती. ती स्फोटाचा दाब सहन करीना, तेव्हा चक्री पुन्हा पोलादाची करावी लागली. हलकेपणाची हाव किती पुढे नेता येते याची पहिली सीमा तिथे आखली गेली.

‘कोब्रा’ हे नाव ऐकून आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसच्या पोलीस ठाण्याच्या तळघरात जॅक रुबीने ऑस्वाल्डवर झाडली ती गोळी याच कोल्ट कोब्रातली. रॉबर्ट जॅक्सनचे ते छायाचित्र पाहिले नाही असा वाचक विरळा. कोट-टोपी घातलेला एक सभ्यसा दिसणारा गृहस्थ गर्दीतून पुढे सरकला आहे आणि त्याच्या हातातली वस्तू इतकी लहान आहे की नजर आधी ऑस्वाल्डच्या तोंडाकडे जाते. पोलिसांच्या त्या गर्दीत कुणाच्या लक्षात येऊ नये इतके ते हलके आणि आटोपशीर होते, हा त्या वस्तूचा गुण. ग्राहकाला विकला जातो तो हाच गुण.

आता एक भाषिक विषयांतर. इंग्रजीत ज्याला हॅमर म्हणतात त्याला मराठीत घोडा म्हणतात, आणि ज्याला ट्रिगर म्हणतात तो चाप. पण आपल्या बोलण्यात आणि वर्तमानपत्रांतही ‘घोडा दाबला’ म्हणजे चापच दाबला. घोडा नावाचा वेगळा भाग असतो, तो मागे उभा असतो, पुढे पडून काडतुसावर आघात करतो, हे आपण विसरूनच गेलो आहोत. खिशात बाळगण्याच्या रिव्हॉल्वरनेही नेमके हेच केले. उभ्या घोड्याचा काटा काढताना खिशाच्या कडेला अडकतो, म्हणून १९५२ च्या ‘सेंटेनियल’मध्ये घोडा सांगाड्याच्या आत दडवून टाकला. बाहेरून पाहता पाठ गुळगुळीत, चिंचोक्यासारखी. चाप ओढावा, आतल्या आत घोडा उठावा आणि पडावा. डोळ्यांना काही दिसत नाही. घोडा आधी बोटाने मागे ओढून ठेवण्याची, म्हणजे क्षणभर थांबून ठरवण्याची सोयही त्याबरोबर गेली. दुकानदारांच्या मते गेली ते उत्तमच झाले, कारण भ्यालेल्या माणसाच्या हातात उभा ठेवलेला घोडा म्हणजे अपघाताला निमंत्रण. त्यांचे म्हणणे पटण्यासारखे होते.

त्यांनी मांडलेल्या चार नमुन्यांवर धाकटीचा जीव घोटाळला. पहिले सगळ्यांत हलके, मिश्रधातूत स्कँडियम असलेल्या सांगाड्याचे आणि टायटॅनियमच्या चक्रीचे. ‘३४० पीडी’ हे त्याचे नाव, वजन सव्वातीनशे ग्रॅमांहून किंचित अधिक. किंमत इतरांच्या दुपटीच्या घरात. दुसरे ‘६४२’, एअरवेट जातीचे, घोडा लपलेला, चारशे ग्रॅमांच्या थोडे वर. तिसरे रुगर कंपनीचे २००९ सालचे ‘एलसीआर’, ज्याच्या मुठीकडचा भाग प्लास्टिकचा आहे, त्याहीपेक्षा थोडे हलके. चौथे निखळ पोलादी, सहाशेच्या आसपास. धाकटीने पहिले हातात घेतले आणि तिचा चेहरा उजळला. “ताई, मोबाईल धरल्यासारखं वाटतंय गं!” तिने ते विकत घेऊनच टाकले असते. परंतु दुकानदारांनी मागच्या दाराकडे बोट दाखवले. मागे नेमबाजीचा कक्ष होता आणि तिथे यांतली बरीचशी भाड्याने चालवून पाहता येत होती.

आम्ही जाड काचेच्या अलीकडे उभे राहिलो, कानांवर टोपणे चढवून. धाकटी पलीकडे, तिच्या मागे एक शिकवणारी बाई.

पदार्थविज्ञान आम्ही दहावीनंतर सोडले, तरी क्रिया-प्रतिक्रियेचा नियम त्या काचेतून इतका स्वच्छ दिसला की शाळेत असताना दाखवला असता तर आम्ही कलाशाखेला आलोच नसतो. गोळी तीच, दारू तीच. शस्त्र जितके हलके तितका त्याचा हाताला बसणारा धक्का मोठा. पोलाद स्वतःच्या जडपणाने तो धक्का पिऊन टाकते. स्कँडियमजवळ पिण्यासारखे काहीच नसते, ते सारे तळहाताच्या हवाली करते. त्या ३४० पीडीने धाकटीने तीन गोळ्या झाडल्या आणि चौथीला ते खाली ठेवले. अंगठ्याच्या बेचक्यात लाल वण उठला होता. शिकवणाऱ्या बाईंनी आम्हांला नंतर सांगितले की इतक्या हलक्या रिव्हॉल्वरात त्या धक्क्याने चक्रीतल्या न उडालेल्या काडतुसांची शिशाची टोके पुढे सरकतात आणि कधीकधी चक्रीच अडवून धरतात. त्याच्या नळीवर कंपनीने सूचनाही कोरली आहे, की १२० ग्रेनहून हलकी गोळी वापरू नये. हलक्या शस्त्राने हलकी गोळी नाकारावी, यात काव्यगत न्याय आहे असे आमच्यापैकी एकाला वाटले. दुसरीने त्याला कोपराने ढोसले, कारण काचेपलीकडे तिची बहीण डोळे पुसत होती.

डोळे धुराने चुरचुरले होते, असे ती म्हणाली.

पोलादीने सर्वांत चांगला नेम लागला. पाचांतल्या पाच गोळ्या कागदावर, त्याही सात यार्डांवरून, म्हणजे सहा-साडेसहा मीटरांवरून. या जातीच्या रिव्हॉल्वरांचे भांडण बहुधा याच अंतरात मिटते. ६४२ ने तीन लागल्या. एका गोष्टीकडे आमचे लक्ष नंतर गेले. या रिव्हॉल्वरचा चाप ओढायला सुमारे बारा पौंडांचा, म्हणजे पाच किलोंहून अधिक जोर लागतो. चारशे ग्रॅमांची वस्तू आणि तिला कामाला लावायला तिच्या वजनाच्या बारापट ओढ. नळी थरथरणारच. पाच सेंटिमीटरही नसलेल्या त्या नळीवर नेम धरायला जागाही नसते. खिशातले हलके रिव्हॉल्वर हे नवशिक्यांना विकले जाते आणि ते चालवणे मात्र मुरलेल्यालाच जमते, हे वाक्य त्या दुकानदारांनीच, विक्रीची पर्वा न करता, आम्हांला ऐकवले.

मग पोलादीच का घेऊ नये? धाकटीने आपला कामावरचा झगा-पायजमा बरोबर आणला होता. इस्पितळातल्या त्या पातळ कापडाच्या खिशात पोलादी रिव्हॉल्वर घातले तेव्हा कंबरेची नाडी एका अंगाला खाली उतरली आणि ती चालू लागली तसे ते घड्याळाच्या लंबकासारखे मांडीवर आपटू लागले. दोन दिवसांत ते घरच्या कपाटात जाऊन बसले असते. घरी राहिलेले उत्तम शस्त्र की जवळ असलेले मध्यम, असा हा पेच. सगळे खरेदीदार अखेर त्याच्यापुढे येऊन उभे राहतात, असे दुकानदार म्हणाले. त्यांनी उत्तर दिले नाही. खिशासाठीची कातडी खोळ मात्र दाखवली. चाप पूर्ण झाकते, रिव्हॉल्वर उभे धरते, बाहेरून पाकिटासारखा आकार दिसतो. नियम एकच, आणि तो त्यांनी दोनदा सांगितला. त्या खिशात दुसरे काहीही ठेवायचे नाही. रुमाल नाही, नाणे नाही, किल्ल्या तर मुळीच नाहीत.

हे चालले असताना आमच्या डोळ्यांपुढे आमचा तालुका येत होता. आमच्याकडे शस्त्रपरवाना हा १९५९ च्या कायद्याने मिळतो. जिवाला धोका आहे असे दाखवावे लागते आणि धोका असलेल्या गरिबापेक्षा धोका नसलेल्या वजनदार माणसाला तो लवकर मिळतो, असा आमच्या भागातला अनुभव. असा परवानाधारक लग्नाच्या पंगतीत बसतो तेव्हा कंबरेचे रिव्हॉल्वर शर्टाबाहेर यावे अशी काळजी घेतो. ते दिसण्यासाठीच असते. न दिसणाऱ्या रिव्हॉल्वरचा विचार आपल्याकडे झाला तो २०१४ साली. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे .३२ व्यासाचे, पाचशे ग्रॅमांच्या आसपासचे, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे रिव्हॉल्वर बाजारात आणले. स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असे. किंमत एक लाख बावीस हजारांहून अधिक. ते प्रसिद्ध झाले तेव्हा आमच्या प्राध्यापककक्षात चर्चा झाली होती आणि एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या होत्या, “एवढे पैसे असलेली बाई रात्री एसटीची वाट बघत उभी राहत नाही.” त्यापुढे कुणी काही बोलले नव्हते. ह्यूस्टनमध्ये धाकटी बघत होती ते ६४२ पाचशे डॉलरच्या आसपास होते, तिच्या दोन-अडीच दिवसांचा पगार. खर्चाचा अडसर तिथे नव्हता. परवान्याचा नव्हता. थांबण्याचाही नव्हता, कारण टेक्सासमध्ये खरेदीनंतर वाट पाहण्याची मुदत नाही. आडवे येणारे कुणी असेल तर आम्ही दोघेच होतो.

काउंटरवर तिने संघीय अर्ज भरायला घेतला. आम्ही खांद्यावरून वाचला, परीक्षकाची सवय. त्यात विचारले होते की तुम्हांला गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय, तुम्ही अमली पदार्थ घेता काय, एखाद्या न्यायालयाने वा अधिकारी मंडळाने तुम्हांला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवले आहे काय, कधी मनोरुग्णालयात भरती करण्यात आले होते काय. धाकटीची सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ ही उत्तरे अक्षरशः खरी होती. सकाळी उठायचे कशासाठी हे तुम्हांला कळते काय, असा प्रश्न कुठल्या अर्जात असणार?

“आज नको,” आमच्यापैकी एकीने मराठीत सांगितले. “घरी जाऊन बोलू.” दुकानदारांना भाषा कळली नसावी, सूर कळला. त्यांनी अर्ज बाजूला सारला आणि म्हणाले, सोमवारीही दुकान उघडे आहे.

त्या रात्री आमची मते दोन होती. एकाचे म्हणणे, जे विचारायचे ते स्पष्ट विचारावे. त्याने वाचून काढले होते की २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्या होत्या. वाहनतळातला माणूस हा धोका खरा, पण आकडे दुसऱ्याच धोक्याकडे बोट दाखवतात. दुसरीचे म्हणणे, विचारले तर आपण तिच्या मनात ते घालू. आजवर शेकडो मुलींना धीर देऊन घरी पाठवलेल्या त्या बाईला स्वतःच्या बहिणीपुढे शब्द सापडत नव्हते. (विचारल्याने ते मनात जात नाही, उलट बोलणाऱ्याला थोडा मोकळा श्वास मिळतो, असे जाणकार सांगतात. आम्हांला ते उशिरा कळले.) शेवटी चहा झाला, आणि तीच म्हणाली, “जानेवारीत तू फोनवर म्हणाली होतीस ते आठवतंय?”

धाकटी बराच वेळ कपाकडे पाहत राहिली. “मी त्याच्यासाठी घेत नाहीये, ताई.”

“आणि कधी वाटलंच तसं, तर?”

“तर तुला फोन करीन.”

“आमच्याकडे तेव्हा रात्र असेल की दिवस, बघत बसू नकोस.”

“नाही बसणार.” मग थोड्या वेळाने, “पण ताई, तुम्ही दोघं काही आठवड्यांनी परत जाल. मला रोज रात्री ते अंतर चालायचंय.”

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. आम्ही नको म्हटले असते तर तिने ऐकले असते. तिचा तो स्वभाव आहे. मग तीच गाडीत पाच-पाच मिनिटे बसून राहिली असती, आणि आम्ही हजारो मैलांवर निश्चिंत झोपलो असतो. दुसऱ्याच्या भीतीवर आपल्या काळजीचे शिक्कामोर्तब करणे सोपे असते. ते आम्हांला करवले नाही. ते चुकले की बरोबर ठरले, यावर आमची मते अजून दोन आहेत.

सोमवारी तिने ६४२ घेतले. ते दोन तऱ्हांचे मिळते, अंगच्या छोट्या कुलपासह आणि कुलपाविना. कुलपाचे भोक डाव्या अंगाला, मुगाच्या दाण्याएवढे; किल्ली फिरवली की आतला घोडा जखडून जातो. दुकानदारांचा कल कुलपाविनाकडे होता. वेळेला किल्ली शोधत बसाल, म्हणाले. आमचा हट्ट कुलपाचा. धाकटीने आमच्याकडे पाहिले आणि हसून कुलपाचे उचलले. “ताईला झोप लागावी म्हणून.” सोबत बिछान्यालगत बसवायची पोलादी पेटी घेतली. रिव्हॉल्वरबरोबर दोन किल्ल्या आल्या, त्यांतली एक तिने आमच्या हातावर ठेवली. ती आज आमच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे. त्या जातीच्या साऱ्या कुलपांना एकच किल्ली चालते हे आम्हांला पुढे कळले, तरी ती आम्ही हलवलेली नाही.

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते ठेवून पाहिले. पाच काडतुसे आणि खोळ धरून अर्ध्या किलोच्या थोडे वर. “साखरेचा पुडा,” ती म्हणाली. आम्ही ओट्यापासून दोन हात दूर उभे होतो.

एक गोष्ट मात्र आम्हांला तिच्या इस्पितळात जाऊन आल्यावर उमगली. दारावर कायद्याने ठरवून दिलेल्या शब्दांतली, इंच-इंच उंच अक्षरांची, इंग्रजी आणि स्पॅनिश पाटी आहे: आत शस्त्र आणू नये. २०११ पासून तिथल्या नोकरदाराला ते स्वतःच्या बंद गाडीत ठेवण्याची मुभा आहे. म्हणजे इस्पितळाच्या दारापासून गाडीपर्यंत, रात्री अकरा वाजता, ती निःशस्त्रच चालणार. आम्ही हे मोठा शोध लागल्यासारखे तिला सांगितले. “माहीत आहे की,” ती म्हणाली. “तिथे दिवे आहेत, पहारेकरी आहे, सोबत कुणी ना कुणी असतं. मला ते आपल्या गाडीपासून आपल्या दारापर्यंतच हवंय.” एवढी खरेदी, एवढी चर्चा, धातुशास्त्राचा सत्तर वर्षांचा इतिहास, आणि हे सारे पंचाहत्तर-ऐंशी पावलांसाठी. पुढच्या रात्री आम्ही खिडकीत उभे होतो. दिवे विझले. दार लगेच उघडले. तिचा उजवा हात जाकिटाच्या खिशात होता, आणि ती सावकाश, मान वर करून चालत आली.

आम्ही परतलो. तिचे आठवड्याचे फोन सुरू राहिले. महिन्यातून दोनदा ती सरावाला जात असे. पाचांतल्या चार लागतात, असे सांगे. मग डिसेंबर आला. नवऱ्याचा वाढदिवस डिसेंबरात असतो.

एका रविवारी बोलता बोलता, भाजीत मीठ जास्त झाल्याचे सांगावे तशा आवाजात ती म्हणाली, “ताई, ते मी प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडे ठेवायला दिलंय. तिच्याकडे मोठी तिजोरी आहे. मार्चमध्ये परत घेईन. किंवा बघू.”

आमच्यापैकी दोघांनाही क्षणभर बोलता आले नाही. मग एकाने विचारले, “आणि रात्री, वाहनतळात?”

“पाचव्या मजल्यावरचे आजोबा कुत्र्याला फिरवायला खाली येतात, साधारण त्याच वेळेला. मी त्यांना वेळ सांगून ठेवलीय.” थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “त्या वजनाची सवय झाली होती, दाजी. खिसा रिकामा लागतो. खोळ आहे अजून जाकिटात. तिच्यात मी गाडीच्या किल्ल्या ठेवते.”

मग तिने आईच्या गुडघ्यांचे विचारले, आणि मेतकुटात हरभऱ्याची डाळ किती घालायची ते.